मार्लकोटची बाहेरची खोली

चारुदत्त बिवलकर रोज सकाळी वर्तमानपत्राला इस्त्री करत.

टेबलावर चमचा ठेवताना कडेपासूनचं अंतर अंगठ्याच्या पेराने मोजत.

बैठकीच्या खोलीत शिरताना दार ठोठावत नसत, आत कुणीही बसलेलं असो. स्वतःच्या झोपायच्या खोलीचं दार मात्र ठोठावत. खोली रिकामी असली तरी.

घरात भिंतीच्या कडेने चालत. मधल्या गालिच्यावर पाहुण्यांनी चालायचं.

खुर्चीला पाठ टेकवत नसत. कुणी विनोद केला तर चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. आणि बाहेर उणे तीस असताना कुणी दारात आलं, की त्याच्या मागे जाऊन उभे राहत आणि त्याचा पार्का, म्हणजे टोपीवाला जाडजूड कोट, इतका अलगद उतरवून घेत, की माणूस दचकून मागे वळून पाही. तोवर पार्का खुंटीवर गेलेला असे.

गौरांगीने ही यादी कॅनडातल्या रेजिनात आल्यावर पहिल्या महिन्यातच केली होती. मनातल्या मनात. नागपूरला आईशी फोनवर बोलताना तिने बिवलकर काकांचं वर्णन एका वाक्यात उरकलं. इथे एक साहेब राहतात, रंग आपला आणि माज गोऱ्यांचा.

ती मराठी साहित्यात एम. ए. झाली होती. नवरा श्रेयस रेजिनाच्या एका सरकारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचा. गौरांगीला कामाचा परवाना मिळायला अवकाश होता आणि दोन हजार आठचा तो डिसेंबर संपता संपत नव्हता. खिडकीबाहेर पांढरं, आत हीटरची घरघर. म्हणून बिवलकरांच्या पत्नी प्रमोदिनी काकूंनी जेव्हा विचारलं, की यांचं एक हस्तलिखित टाइप करून देशील का, तेव्हा ती हो म्हणाली. दुसरं काही करण्यासारखं असतं तर तिने नाही म्हटलं असतं.

हस्तलिखित चारशे बारा पानांचं होतं. ‘मार्लकोट हॉल : चार शतकांचं घर’.

मार्लकोट हॉल कुठे आहे, हे रेजिनातल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ होतं. मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकमध्ये, घरोघरचे डबे एकत्र उघडले की ते ऐकावंच लागे. इंग्लंडात, डर्बीजवळ. एकशे आठ खोल्यांचं घर. एकोणीसशे चौसष्ट साली बिवलकर डर्बीला इंजिनियरिंगच्या डिप्लोम्याला गेले. लॉर्डसाहेबांचा धाकटा मुलगा त्यांचा मित्र झाला. त्या मैत्रीपोटी ते मार्लकोटला अकरा महिने पाहुणे म्हणून राहिले. मग कॅनडा उघडला, तसे ते इकडे आले आणि प्रांताच्या हायवे खात्यात तीस वर्षं मोऱ्या आणि छोटे पूल बांधून निवृत्त झाले. मोऱ्यांबद्दल ते कधी बोलत नसत.

बोलत ते इतरांच्या अडाणीपणाबद्दल. कागदी प्लेटीत श्रीखंड खाणाऱ्याकडे ते असे बघत, जणू तो जमिनीवरचं चाटतोय. या देशाला इतिहास नाही, फक्त बेसमेंट आहेत, असं म्हणत. पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना ते ‘प्लॅस्टिकचे चमचे’ म्हणत. त्यांच्या तोंडावर. पोरं हसत, कारण काका म्हातारे होते आणि काकूंची साबुदाण्याची खिचडी चांगली असे.

गौरांगी हसत नसे. टाइप करता करता तिची घृणा वाढत चालली होती.

पुस्तकात लॉर्डमागून लॉर्ड होते. पहिल्याने राजाची मर्जी सांभाळून एका मठाची जमीन लाटली आणि मठाच्याच दगडांनी तबेले बांधले. दुसऱ्याने समोर आठ खांब उभे केले, कारण शेजाऱ्याकडे सहा होते. तिसरा बंगालमध्ये बारा वर्षं काढून परत आला, तो सोबत इतकं घेऊन आला की दिवाणखान्याच्या छताला सोन्याचा मुलामा लागला. चौथ्याने जुगारात दोन गावं घालवली. पाचव्याने एका दिवसात एकट्याने तीनशे सोळा पक्षी मारले आणि रोजनिशीत फक्त लिहिलं, ‘हवा बरी.’ या सगळ्यांबद्दल बिवलकर आदरार्थी बहुवचनात लिहीत होते. पक्षी मारणाऱ्याचा नेम त्यांनी अर्धं पान वाखाणला होता.

तिने समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘छताचं सोनं आपल्या देशातून गेलं, हे एकदा तरी लिहा.’

काकांनी ते खोडरबरने पुसलं. ज्यांच्या घरी राहिलो त्यांना असं विचारत नाहीत, म्हणाले. मग तिला चहा दिला. कप तिच्या उजव्या हाताशी, कान बरोबर तिच्या बोटांकडे वळवलेला. तिला तो कप फेकून द्यावासा वाटला.

पण ती साहित्याची विद्यार्थिनी होती, आणि वाचायला शिकलेल्या माणसाला नको ते दिसतं. पुस्तकात काहीतरी चुकत होतं. निळ्या दिवाणखान्याला तळ्याकडे उघडणाऱ्या सात खिडक्या आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. पडद्यांचं कापड, दोऱ्या, खिट्ट्या, सगळं होतं. तळं कसं दिसतं ते कुठेच नव्हतं. प्रत्येक खोलीचं वर्णन दारापासून सुरू होई आणि दारापाशीच संपे. चारशे बारा पानांत लेखक एकदाही खुर्चीवर बसला नव्हता. मागच्या अरुंद जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या होत्या, त्यातली एकोणिसावी सैल. समोरच्या संगमरवरी जिन्याला किती, हे तिने विचारलं.

“पुष्कळ,” काका म्हणाले.

आणि एक शब्द होता. पाचव्या प्रकरणात हिरव्या बनातीने, जाड लोकरी कापडाने मढवलेलं एक दार होतं. असं दार अशा प्रत्येक घरात असतं. एका बाजूला मालकांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला नोकरांचा भाग. बनात असते ती स्वयंपाकघरातला आवाज आणि वास अडवायला. काकांनी लिहिलं होतं, ‘हे दार ढकललं की माणूस बाहेर येई. बाहेर गालिचे, तसबिरी, दिवाणखाना. आत दगडी फरशी आणि उकडलेल्या कोबीचा वास.’

गौरांगीने ‘बाहेर’वर गोल काढला. पाहुणा गालिच्यावर असतो. त्याच्या दृष्टीने स्वयंपाकघर दाराच्या पलीकडे असायला हवं. दिवाणखाना बाहेर कसा?

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“नागपूरला पाहुणे बसतात त्या खोलीला काय म्हणता?”

“बाहेरची खोली.”

“आणि आई कुठे असते?”

“आत. स्वयंपाकघरात.”

“मग? एम. ए. ला हे शिकवत नाहीत वाटतं.”

उत्तर बिनतोड होतं. पाणउतारा झाल्यासारखी ती घरी आली आणि पुढचे दोन आठवडे तिने एकही गोल काढला नाही.

एकदाच काकूंनी तिला काही सांगायचा प्रयत्न केला. काका बेसमेंटमध्ये चमचे उजळत बसले होते. लाल भुकटी लावून, उघड्या अंगठ्याने, अर्धा अर्धा तास एक चमचा. हे चमचे लॉर्डसाहेबांच्या पत्नीने निरोपाला दिलेले. गौरांगी म्हणाली, काकू, तुमच्याकडे रोज इस्त्रीचा पेपर, अगदी राजेशाही. काकू मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “इस्त्री हे करतात गं. वाचते मी.” गौरांगीला त्यात नवरा-बायकोच्या थट्टेपलीकडे काही दिसलं नाही.

टाइप करणं, तपासणं, पुन्हा टाइप करणं यात दीड वर्ष गेलं. मंडळाला दोन हजार दहाच्या दिवाळीत पंचवीस वर्षं होत होती. त्या कार्यक्रमात पुस्तकाचं प्रकाशन ठरलं. शिवाय काकांनी बारा जणांचं खरं इंग्लिश टेबल कसं मांडतात, ते सगळ्यांसमोर मांडून दाखवायचं. ही कल्पना मंडळाचा अध्यक्ष प्रताप याची. प्रतापचं नर्सरीचं दुकान होतं आणि त्याला प्रत्येक कार्यक्रमात ‘थोडी मजा’ लागायची. काकांनी त्याला एकदा काटा कसा धरायचा ते भर पंगतीत शिकवलं होतं. त्याला सात वर्षं झाली होती. प्रताप विसरला नव्हता.

त्या उन्हाळ्यात प्रताप पुतण्याच्या लग्नाला इंग्लंडला गेला आणि एक दिवस मुद्दाम मार्लकोटला गेला. आता तिथे तिकीट काढून कुणालाही जाता येतं. परत आल्यावर तो दोन महिने गालातल्या गालात हसत हिंडला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याने गौरांगीला ग्रोसरीच्या दुकानात गाठलं आणि फोनवर एक फोटो दाखवला.

नोकरांच्या जेवणघरातल्या भिंतीवरचा फोटो होता तो. मागच्या पायऱ्यांवर ओळीने उभे चौदा नोकर. दुसऱ्या ओळीत कडेला एक काटकुळा भारतीय तरुण. अंगात शेपटीचा कोट, हातांवर पांढरे हातमोजे, डोक्यावर मोठा थोरला तुरेवाला फेटा. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. खाली छापलं होतं, ‘चार्ली, फुटमन, इंडिया, १९६५.’

फुटमन म्हणजे काय, हे गौरांगीइतकं रेजिनात कुणाला माहीत नव्हतं. तिने तो शब्द नव्वद वेळा तरी टाइप केला होता. दार उघडणारा. कोट उतरवून घेणारा. वाढणारा. चांदी उजळणारा. दिवाणखान्यात न ठोठावता शिरणारा, कारण तिथे त्याच्या येण्याची कुणी दखल घ्यायची नसते. मालकाच्या पेपरला इस्त्री करणारा. पेपरला इस्त्री करणारा आणि इस्त्रीचा पेपर वाचणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. दीड वर्ष हे तिच्या डोळ्यांसमोर होतं.

“लास्ट स्लाइड,” प्रताप म्हणाला. “प्रोजेक्टर मीच अरेंज करतोय. तू कुणाला बोलू नकोस हं, सरप्राइज आहे. धमाल येईल.”

तिला आधी आनंद झाला. हे नंतर तिने कुणाला सांगितलं नाही. सोन्याच्या छतांची ती सगळी लाचार पानं तिने बोटं दुखेपर्यंत टाइप केली होती, आणि माणूस साधा खोटारडा निघाला होता. पडू दे तोंडावर, असं तिला वाटलं. पाच दिवस ती गप्प राहिली. पाच दिवसांत तो फोटो काही डोळ्यांपुढून जाईना. त्यातला फेटा नाही, हातमोजे. ते हात कुठे ठेवावेत हे त्या तरुणाला बरोबर ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी ती काकांकडे गेली. दारात काकांनी तिचा पार्का उतरवून घेतला. या वेळी ती दचकली नाही. तिथल्या तिथे उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं.

काकांनी पार्का खुंटीवर लावला. खांदे सारखे केले. मग बैठकीच्या खोलीत गेले आणि भिंतीशी उभे राहिले.

“फेटा दिसतो का फोटोत?” त्यांनी विचारलं.

“दिसतो.”

“तो आयता शिवलेला होता. टोपीसारखा. पेटाऱ्यातून काढलेला.”

मग त्यांनी सांगितलं. भराभर नाही, पण न थांबता. पहिल्या वर्षी ते नापास झाले होते, हे घरी कळवण्याची हिंमत नव्हती. मार्लकोटला वाढणारे मिळत नव्हते, इंग्रज पोरं कारखान्यात जाऊ लागली होती. अकरा महिने ते दाराच्या आतल्या बाजूला राहिले. त्या दिवसांत घराचं छत गळायला लागलं होतं आणि लॉर्डसाहेबांनी रविवारी लोकांना तिकीट लावून घर दाखवायला सुरुवात केली होती. रविवारी चारुदत्तने बंगालवाल्या लॉर्डच्या तसबिरीखाली फेटा घालून उभं राहायचं. न हलता. धाकट्या मुलाशी त्यांची मैत्री नव्हती. धाकट्या मुलाने त्यांना अकरा महिन्यांत एकच गोष्ट म्हटली होती, तीही ‘सूप गार आहे’ अशी.

“एका रविवारी एक बाई आली,” काका म्हणाले. “माझ्या तोंडापाशी तोंड आणून बघितलं. आणि लॉर्डला विचारलं, हा खरा आहे का?”

“लॉर्ड काय म्हणाला?”

“म्हणाला, बहुतेक.”

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. “चमचे इथल्याच मूस जॉ गावच्या गराज सेलमधले आहेत, कुणाच्यातरी जुन्या सामानातले. तेही सांगा तिला एकदाचं.”

काकांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गौरांगीचा राग अजून गेला नव्हता. उलट त्याला आता नवीन जागा सापडली होती. तिने विचारलं, मग चारशे पानं त्यांना डोक्यावर का घेतलंत?

“खाली काढलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, तुम्ही कुठून बघितलंत?” काका म्हणाले. “त्यांची लायकी मला पाठ आहे गं. जेवताना माणूस मागून कसा दिसतो, हे वाढणाऱ्याला कळतं. माझ्या वेळचा लॉर्ड ताटातलं मांस कुत्र्याला द्यायचा आणि कुत्र्याचं उष्टं बिस्कीट स्वतः खायचा. पण ते लिहायला मला त्यांच्या मागे उभं राहावं लागलं असतं. मी म्हटलं, त्यापेक्षा शेजारी बसतो.”

ती म्हणाली, शनिवारी कार्यक्रमाला येऊ नका. ताप आला म्हणून कळवते मी.

“टेबल मांडायचं कबूल केलंय,” काका म्हणाले. आणि तिचा पार्का खुंटीवरून काढून तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सव्वाशे माणसं जमली. एका भिंतीशी ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये छोले आणि पुलाव. पोरं फुगे फोडत होती आणि आयांना इंग्रजीत उत्तरं देत होती. पुस्तकांचे दोन गठ्ठे स्टेजवर, रंगीत कागदात. समोर पांढरी चादर घातलेलं लांब टेबल, बारा खुर्च्या. काका काळ्या कोटात आले. हातात हिरव्या बनातीची गुंडाळी. ती त्यांनी सोडली आणि कामाला लागले.

गौरांगीने त्यांना असं टेबल मांडताना प्रथमच पाहिलं. त्यांचे हात पाहुण्याचे नव्हतेच. अंगठ्याचं पेर, सुरी, पेर, काटा. घड्याळासारखे. हॉलमधला गलका हळूहळू कमी झाला. काकू माइकवर सांगत होत्या, हा माशांचा काटा, हा गोडाचा चमचा. एक जागा, दुसरी, तिसरी. बायका पुढे येऊन बघू लागल्या. सात जागा मांडून झाल्या.

आठव्या जागेवर त्यांनी काटा ठेवला आणि प्रतापला धीर निघाला नाही. प्रकाशनानंतरची स्लाइड त्याने आधीच लावली. दिवे गेले, पडद्यावर चौदा नोकर आले, मग एकटा फेटा. प्रताप काकूंच्या हातातला माइक घेऊन ओरडला, “ओळखा पाहू कोण?”

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. हसू मागून सुरू झालं आणि पुढे आलं. काका, फेटा भारी, असं प्लॅस्टिकच्या चमच्यांपैकी कुणीतरी म्हणालं. चार्लीकाका, दुसरं. जे लोक इथे येताना एक इंग्रजी नाव खिशात घालून आले होते, ऑफिसात ज्यांना कुणी ‘पॅट’ म्हणतं, कुणी ‘सॅम’, ते पोट धरून हसत होते. पॅट स्वतः माइक धरून उभा होता.

काकांनी पडद्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं, तसबीर पाहावी तसं.

“नाव चुकलंय,” ते म्हणाले. त्यांना माइक लागला नाही. “चारुदत्त. आणि मी तिथे पाहुणा नव्हतो. वाढपी होतो. पुस्तकात चुकीचं छापलंय.”

हसू विझायला वेळ लागला. मागच्या बाजूला काही जणांना ते ऐकूच आलं नव्हतं.

मग काकांनी पहिल्या जागेची खुर्ची मागे ओढली, टेबलाच्या मानाची. ते बसले. पाठ टेकवली. गौरांगीने त्यांना पाठ टेकवताना कधी पाहिलं नव्हतं. काळा कोट खुर्चीच्या पाठीशी चुरगळला.

“प्रतापराव,” ते म्हणाले, “पाणी आणा जरा. उजव्या बाजूने द्यायचं असतं.”

प्रतापने इकडेतिकडे पाहिलं. मग का कोण जाणे, तो गेला आणि कागदी पेल्यात पाणी घेऊन आला. त्याने ते डाव्या बाजूने ठेवलं.

काकांनी पेल्याकडे एकदा पाहिलं आणि तो तसाच राहू दिला. थोड्या वेळाने लोक छोल्यांकडे वळले. रांग लागली, कागदी प्लेटी वाटल्या गेल्या. लांब टेबलाशी कुणी फिरकलं नाही. पुस्तकांचे गठ्ठे कुणी सोडले नाहीत.

गौरांगी आठव्या जागेपाशी गेली. बनातीत सुरी होती, चमचे होते. तिने सुरी उचलली आणि कडेशी अंगठ्याचं पेर धरलं.

“राहू दे ते,” काका बसल्या जागेवरून म्हणाले.

तिने सुरी परत बनातीत ठेवली. सात जागा पूर्ण होत्या. आठवीवर एक काटा होता, कडेपासून बरोबर एक पेर.